एका खोलीतले दोन तवे

परदेशात एमबीबीएसला निघालेल्या मुलांना तिथल्या राहण्यासाठी तयार करणं, हे समुपदेशक म्हणून माझं काम. जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, शिरपूर अशा सगळीकडून मुलं येतात. मुसलमान घरातला पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला असतो : "आपा, वहाँ हलाल मिलेगा ना?" पोरगं बिघडणार तर नाही, ही खरी काळजी त्या प्रश्नामागे असते. मला मात्र त्या मुलाकडून आणखी काही हवं असतं. त्यानं आपला दीन, म्हणजे धर्म, सांभाळावा आणि शेजारच्या कॉटवरच्या मुलाला त्याचा आधारही वाटावा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं अनेकांना वाटतं. मी जे पाहिलं, ते याच्या उलट आहे.

किरगिझस्तानचंच घ्या. तो मुस्लिमबहुल देश. बिश्केकमध्ये मशिदी आहेत, हलाल मांस सहज मिळतं. हाल होतात ते चोपड्याकडच्या शाकाहारी मुलाचे, कारण मेसमधल्या सूपलाही मांसाचाच रस्सा असतो. इथं अल्पसंख्य असलेला आमचा मुलगा तिथं एकाएकी बहुसंख्यांत जाऊन बसतो. त्याला मी सांगते, मित्राचा तवा वेगळा असू दे, त्यात अपमान मानू नकोस. तुला जशी हलालची काळजी, तशी त्याला त्याच्या ताटाची. दुकानात पाकिटावर काय लिहिलंय ते त्याच्यासाठी तू विचारून घे. वांगी मिळाली की भरीत करा. ते दोघांनाही चालतं आणि खानदेशी पोटाला त्याहून मोठा दिलासा नाही.

धर्म एक आहे म्हणून निर्धास्त राहू नये, हेही सांगावं लागतं. मे 2024 मध्ये बिश्केकमध्ये जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले. मार खाणाऱ्यांत पाकिस्तानी मुलं होती. कलमा एकच असूनही ती मारातून सुटली नाहीत. जमावाला दिसला तो परदेशी. भारतीय दूतावासानं आपल्या मुलांना बाहेर पडू नका असं कळवलं. अशा वेळी दाराआड सोबत असते ती रूममेटची, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

रशियात प्रश्न वेगळे. उत्तरेकडे डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. जोहर, असर, मगरिब या तिन्ही नमाजा कॉलेजच्या वेळात येतात. जूनमध्ये रात्र पुरती काळोखी होतच नाही, मग इशाच्या नमाजेची वेळ कोणती, हा प्रश्न. यावर उलेमांची मतं आहेत. ती जाण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावीत. आणि तिथं सहा वर्षं मुसाफिर म्हणून कसर, म्हणजे प्रवाशाची आखूड नमाज पढता येईल असं कुणी समजू नये. हनफी मतानुसार एका ठिकाणी पंधरा दिवस राहायचा इरादा केला की माणूस मुकीम, म्हणजे तिथला रहिवासी, होतो. नमाज पुरी पढायची, तसे शेजाऱ्याचे हक्कही पुरे द्यायचे.

पार्टीला जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण उणे वीस तापमानात दारू पिऊन बर्फात पडलेला मित्र जिवाला मुकू शकतो. न पिणाऱ्या मुलाला त्या रात्री फोन आला, तर त्यानं निघावं आणि मित्राला खोलीवर आणावं, उपदेश न करता. दिवाळीला खोलीत दिवे लावायला, शंकरपाळे तळायला मदत करावी. आरती घ्यायची नसेल, तर तसं मोकळेपणानं सांगावं. आपली सीमा नीट सांगणाऱ्या मुलावर इतर मुलं अधिक विश्वास टाकतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

विश्वास टाकला की मुलं मनातलं बोलतात, आणि इथं मी सगळ्यात जास्त वेळ घेते. ॲनाटॉमीत नापास झालेलं, फीचे पैसे अडकलेलं, दोन-दोन दिवस पांघरुणातून न उठणारं पोर रूममेटलाच पहिलं सांगतं. ऐकलेलं ही अमानत. बॅचच्या ग्रुपवर ती जाऊ द्यायची नाही. पण "मला जगायचंच नाही" असं कुणी म्हणालं, तर ते गुपित ठेवायचं नसतं. त्याला एकटं सोडायचं नाही, वॉर्डनला उठवायचं, डीन ऑफिसला कळवायचं, घरी फोन लावायचा. मित्रासाठी दुआ जरूर करा, पण डॉक्टरकडेही न्या. जीव वाचवणं आपल्या दीनमध्ये किती मोठं आहे, हे ठाऊक असलेल्या मुलाला इथं गप्प बसायला सबब नाही.

4 जून 2024 ला रशियातल्या वेलिकी नोव्गोरोदमध्ये वोल्खोव नदीत जळगाव जिल्ह्यातल्या मुलांसह चार भारतीय मुलं बुडाली. हिंदूही होती, मुसलमानही. त्यानंतर माझ्या तयारीत एक कागद वाढला. निघण्याआधी एका खोलीत राहणार असलेली मुलं तो एकमेकांसाठी भरतात : रक्तगट, कशाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे नंबर, आजारात खाण्यापिण्याचे कोणते नियम पाळायचे, आणि काही वाईट घडलंच तर घरच्यांना विचारल्याशिवाय काय करू द्यायचं नाही. हे शेवटचं लिहिताना मुलं अडखळतात. मी घाई करत नाही. चोपड्याचा मुलगा जळगावातल्या मेहरूणच्या मुलाला मृताच्या गुस्ल आणि कफनाबद्दल विचारतो, तो त्याला दहाव्या-तेराव्याबद्दल विचारतो, आणि दोघं एकमेकांची उत्तरं आपल्या हातानं लिहून घेतात.