एका पत्राचं अंतर

आजी अंतर कधी मैलांत मोजत नसे. बाजारपेठ तिच्या लेखी अर्ध्या दिवसावर होती, माहेर दोन चढांवर, ग्रामदेवतेचं देऊळ पाखाडी संपते तिथे आणि मुंबई एका पत्रावर. परसात भांडी घासता घासता ती म्हणायची, "मुंबई काय गो, एका पत्रावर तर हाय." डोंगरापलीकडचं कोल्हापूर मात्र तिच्यासाठी परमुलूख. नकाशावर पट्टी ठेवली, तर आमच्या संगमेश्वर तालुक्यापासून कोल्हापूर मुंबईच्या निम्म्याहूनही जवळ भरतं. पण मध्ये सह्याद्री उभा होता, आणि सह्याद्रीपलीकडून आमच्या घरी कधी पत्र आलं नव्हतं.

गेली 27 वर्षं मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मानवी भूगोल शिकवते. प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर पाच शब्द लिहिते : अंतर, वस्ती, गुणोत्तर, स्थलांतर, ठिकाण. मुलं व्याख्या उतरवून घेतात. खडूची पूड बोटांना लागते आणि दर वर्षी न चुकता मला आमच्या ओटीवरची शेणाने सारवलेली जमीन आठवते. कारण हे शब्द मला पुस्तकात भेटले ते फार उशिरा. त्याआधी ते आमच्या घरात नाव न घेता वावरत होते.

अंतराचंच पाहा. वॉल्डो टोबलर नावाच्या भूगोलज्ञाने 1970 मध्ये डेट्रॉइट परिसराच्या वाढीचा संगणकावर अभ्यास करताना एक नियम मांडला. जगात सगळंच एकमेकांशी जोडलेलं असतं, पण जे जवळ असतं त्याचा धागा अधिक घट्ट, असा त्याचा आशय. भूगोलाचा पहिला नियम म्हणून तो आज ओळखला जातो. मी तो मनापासून शिकवते. आणि मग मुलांना विचारते, जवळ म्हणजे काय? आमच्या वाडीतल्या बायांना लालबाग-परळच्या गल्ल्या न पाहता पाठ होत्या. कोणत्या चाळीत गावकीची खोली आहे, तिथे कितीजण झोपतात, रात्रपाळीचा माणूस परतला की कोणाची वळकटी गुंडाळली जाते, हे त्या चुलीपुढे बसून सांगत. शेजारच्या तालुक्यात काय चाललंय ते मात्र त्यांना ठाऊक नसे. अंतर किलोमीटरचं असतं तसं वेळेचं असतं, खर्चाचं असतं आणि माणसाचंही असतं. पुस्तक त्याला सापेक्ष अंतर म्हणतं. आजी त्याला पत्र म्हणायची.

ते निळं आंतरदेशीय पत्र मी तिला वाचून दाखवायची. त्याहून मला मनीऑर्डरचा फॉर्म आवडायचा. खाली संदेशासाठी एक चिंचोळी पट्टी असायची, आणि माझ्या बाबांचं त्या पट्टीतलं अक्षर मुंगीएवढं होऊन जायचं. भात लावून झाला का, म्हशीचं काय, पोरीला शाळेत धाडा. एवढ्याशा जागेत एवढा मोठा माणूस बसवायचा म्हणजे अक्षर बारीक होणारच.

वस्ती हा शब्द मला घाट चढून आल्यावर नीट कळला. लग्न होऊन सोलापूरकडे आले तेव्हा इथल्या खेड्यांनी मी बावरले. घराला घर चिकटलेलं, धाब्याची छपरं एकमेकांना टेकलेली, मध्ये पार, वेशीवर मारुती आणि गावाबाहेर पडलं की क्षितिजापर्यंत नुसतं शिवार. इथली माणसं आपल्या जगाचे दोन रंग सांगतात : काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी राहण्याची. सासरे मला पहिल्या उन्हाळ्यात रानात घेऊन गेले आणि हातभर खोल भेगा दाखवून म्हणाले, "हिच्यावर भिंत उभी राहत नाही, सूनबाई. पावसात फुगते, उन्हात फाटते. म्हणून माणसाने पांढरीवर दाटीने राहायचं." केंद्रित वस्तीची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही.

आमच्याकडे सगळं याच्या उलट. सपाट जमीन ओंजळीएवढी, तीही पऱ्याच्या काठाने तुकड्यातुकड्यांत. बाकी सगळा उतार, वरकस आणि जांभ्याचा सडा. पाऊस धो धो पडतो आणि जांभ्यातून झिरपत समुद्राकडे निघून जातो. जिथे झरा तिथे खाचर, जिथे खाचर तिथे घर. म्हणून घरं विखुरलेली. एका घरातून दुसऱ्या घरी जायला पाखाडी उतरायची, गडग्याची फट ओलांडायची, पुन्हा चढायचं. संध्याकाळी हाक मारली की ती आधी दरीत उतरायची आणि मग समोरच्या अंगणात पोचायची. विखुरलेली वस्ती म्हटलं की माझ्या कानात ती हाक येते.

पण भूगोल केवळ मातीचा आणि पाण्याचा नसतो. आमचं गाव अनेक वाड्यांचं, आणि वाड्यांची नावं जातींची. कुठली वाडी देवळालगत, कुठली पऱ्याच्या पार, कोणाच्या विहिरीला चैत्रातही पाणी, कोणाची पाखाडी बांधलेली आणि कोणाची पायवाट चिखलाची, याला जांभा जबाबदार नव्हता. देशावर तेच गावकुसाच्या आत आणि बाहेर असं लिहिलेलं. अमेरिकन भूगोलज्ञ कार्ल सॉअर यांनी 1925 मध्ये सांस्कृतिक भूदृश्याची कल्पना मांडली : निसर्गाच्या पाटीवर संस्कृती आपला हात फिरवते आणि जे उमटतं ते आपल्याला दिसतं. माझ्या गावाकडे मी त्या नजरेने पाहिलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. लहानपणी ज्या वाटेने मी कधीच गेले नाही, ती वाट लांब नव्हती, मला तिकडे जाऊ दिलं गेलं नव्हतं. महाराष्ट्र सरकारने 2020 च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाटी बदलणं आवश्यकच होतं. वाट तुडवण्याचं काम अजून आपल्याकडे आहे.

तिसरा शब्द गुणोत्तर. हा आकड्याचा शब्द, आणि त्यानेच मला सर्वांत जास्त रडवलं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात दर हजार पुरुषांमागे 943 स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात 1122. मुंबई शहर जिल्ह्यात 832. वर्गात हे तीन आकडे मी एकाखाली एक लिहिते आणि मुलांना थांबायला सांगते. एखादा हुशार मुलगा लगेच म्हणतो, मॅडम, रत्नागिरीत मुलींचं प्रमाण चांगलं. मी म्हणते, बाळा, तो आकडा मुलींच्या जन्माचा कमी आणि पुरुषांच्या जाण्याचा जास्त आहे. तिथले जे कमी झाले, ते मुंबईच्या आकड्यात जाऊन बसले आहेत.

मला त्या 1122 मध्ये आमची ओटी दिसते. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बाया, नांगराला माणूस मिळत नाही म्हणून दुसऱ्या वाडीला घातलेल्या खेपा, पडवीत खुंटीला टांगलेला बाबांचा सदरा. आई तो दर महिन्याला धुऊन पुन्हा टांगायची. घरात पुरुषाचा सदरा दिसावा म्हणून. जनगणनेच्या तक्त्यात त्या सदऱ्याला रकाना नाही, पण आकडा बारकाईने वाचला की तो दिसतो.

स्थलांतराची व्याख्या मी वर्षानुवर्षं बाबांचं उदाहरण देऊन शिकवली. लोटणारी कारणं : तुकड्यांची जमीन, एकच पीक, चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांची चणचण. ओढणारी कारणं : गिरणीचा भोंगा, महिन्याचा पगार, आधीच गेलेला चुलता. एर्न्स्ट रेव्हनस्टाइन यांनी 1885 मध्ये लंडनमध्ये स्थलांतराचे नियम मांडले, तेही ब्रिटनच्या जनगणनेचे तक्ते चाळून. त्यातला एक नियम असा की प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. आमच्याकडे तो वर्षातून दोनदा यायचा, गणपतीला आणि शिमग्याला. चाकरमानी एसटीतून उतरायचे, पालखी घरोघर नाचायची, बंद पडलेलं गाव आठ दिवस चालू व्हायचं. एकदा मात्र तो प्रवाह अवेळी आला. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही महिन्यांत बाबा पत्र्याची पेटी घेऊन परतले. ना गणपती होते, ना शिमगा. आजीने पेटी उतरवून घेतली आणि काहीच विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते सकाळी पाळीच्या वेळेला उठून ओटीवर बसत. पाय गावात होते, पण घड्याळ अजून परळचं होतं.

रेव्हनस्टाइन यांचाच आणखी एक नियम मी बरीच वर्षं घाईने सांगून पुढे जात असे : जवळच्या अंतरावर स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक स्थलांतर करतात. एकदा आपल्या जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते वर्गात उघडले होते. भारतात स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे, हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारलं असेल. त्या दिवशी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तुम्ही पण स्थलांतरितच ना?"

त्या प्रश्नाने माझ्या घराचा नकाशाच फिरला. मीही घाट चढून आलेली. आणि आजी? आम्ही नेहमी म्हणत आलो : आजोबा मुंबईला गेले, आजी गावात राहिली. बाबा गेले, आई राहिली. राहिली कुठे? आजी तेराव्या वर्षी दोन चढ ओलांडून आली होती. माहेरी ती वेगळ्या पाण्याची, वेगळ्या देवाची, वेगळ्या नावाची मुलगी होती. घरातली पहिली स्थलांतरित ती. पुरुषाच्या जाण्याला आम्ही प्रवास म्हटलं, बाईच्या जाण्याला रीत म्हटलं, आणि रीत कोणी मोजत नाही. जनगणनेचा प्रगणक मात्र विचारतो : जन्म कुठला, याआधी कुठे राहत होता, इथे किती वर्षं झाली, का आला. आजीच्या उभ्या आयुष्यात हे प्रश्न तिला कोणी मायेने विचारले नसतील. सरकारी कागदाने विचारले.

शेवटचा शब्द ठिकाण. यी-फू तुआन हे चीनमध्ये जन्मून अमेरिकेत स्थिरावलेले भूगोलज्ञ. मोकळा अवकाश माणसाच्या ओळखीने, वावराने, जिव्हाळ्याने ठिकाण होतो, हा त्यांच्या 1977 मधल्या पुस्तकाचा गाभा. मराठीला हे आतूनच ठाऊक असावं. आपण ठावठिकाणा विचारतो, मन थाऱ्यावर नाही म्हणतो, डोकं ठिकाणावर आहे का म्हणतो. आमच्याकडे तर शेताच्या तुकड्यालाच ठिकाण म्हणतात. सातबाऱ्यावर सर्व्हे नंबर आणि क्षेत्राबरोबर आणखी एक नोंद असते : शेताचं स्थानिक नाव. सरकारला हवी असते मोजणी. पण या एका ओळीत गावाने काय हाक मारली तेही लिहिलं जातं. आमच्या एका ठिकाणाचं नाव आहे कोंडीचा वाफा. आजी तिथे पाण्याला बांध घालून बसायची. आता तिथे पाणी नाही, भात नाही, गवत माझ्या खांद्याला लागतं. नाव तेवढं उभं आहे.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत वाढली नाही, जवळजवळ 5 टक्क्यांनी घटली. त्या घटीत आमचं घर आहे. किल्ली शेजारच्या काकींकडे असते. मे महिन्यात मी जाते, कौलं शाकारून घेते, ओटी झाडते, माजघरात दिवा लावते. बाबांचा सदरा अजून खुंटीला आहे. तो मी धुते आणि पुन्हा तिथेच टांगते. का, ते मला वर्गात सांगता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात पोचायला संध्याकाळ झाली. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. काकी पाखाडीवरून दिवा घेऊन खाली आल्या. त्यांनी तो माझ्या चेहऱ्यापुढे धरला आणि विचारलं, "कधी आलीस गो? ऱ्हातेस किती दिवस?"

प्रगणकाचेच प्रश्न. फक्त उत्तर मिळेपर्यंत त्या माझ्या हातातली पिशवी सोडेनात. मी म्हटलं, "आठ दिवस." त्यांनी कुलपात तेलाचे दोन थेंब सोडले, किल्ली फिरवली आणि दार ढकलत म्हणाल्या, "पत्र तरी टाकायचंस. वाट बघितली असती."