पाटोदा ते नागसेनवन : एका उन्हाळ्याची वाट

बीड जिल्ह्यातल्या माणसाला गाव सोडणे नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या बिऱ्हाड बांधून निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी साताऱ्याकडे, कोणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याचा पट्टा पडला की ती माणसे परत येतात आणि ओस पडलेल्या वस्तीत पुन्हा चुली पेटतात. हे जाणे हिवाळ्यातले. त्यात शहर कुठे लागत नाही, उसाचा फड लागतो आणि फडाच्या कडेला कोपी लागते.

याच जिल्ह्यातून दुसरेही एक जाणे आहे. ते उन्हाळ्यातले आहे. बारावीची परीक्षा संपते, निकालाला अवकाश असतो आणि पोरे पिशवीत दोन कपडे घालून शहराच्या एस.टी.त बसतात. दोन महिने कंपनीत काढायचे, चार पैसे जोडायचे आणि पुढचे शिक्षण धरायचे, असा मनसुबा असतो. मनसुबा चांगलाच असतो, पण तो शेवटाला जातोच असे नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघे मित्र याच वाटेने गेलो. तिघांचेही आईबाप ऊसतोडीला जाणारे. त्या दोन महिन्यांत जे पाहिले ते आजच्या मुलामुलींच्या आणि त्यांच्या आईबापांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे लिहीत आहोत.

गोदावरी ओलांडली

भीमजयंतीची मिरवणूक झाली आणि त्याच आठवड्यात आम्ही पाटोद्याहून निघालो. निघताना आमच्यातल्या एकाच्या आईने भाकरी-चटणीचे गाठोडे हातात दिले आणि तिघांनाही बजावले, "पैसे नाही आले तर नाही आले, पण कालेजाचा कागद भरल्याबिगर येऊ नका." त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. पण कागदाचे मोल तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होते.

पाटोदा बालाघाटच्या माथ्यावर. मांजरसुंब्यावरून बीडकडे उतरताना खजाना विहिरीचा परिसर लागतो. ही सोळाव्या शतकातली विहीर. जमिनीखालच्या बोगद्यांतून तिचे पाणी शेतांना जाते. आमच्या गावी मात्र त्या दिवसांत एका हंड्यासाठी बायामाणसे आडावर तास तास बसत. बीड शहरात बिंदुसरेचे कोरडे पात्र ओलांडले आणि बसस्थानकावर औरंगाबादची गाडी पकडली. जिल्ह्याच्या ठिकाणी तेव्हा रेल्वे नव्हती. रेल्वे पाहायची तर परळीला जावे लागे. त्यामुळे बीडच्या माणसाचे जग एस.टी.च्या खिडकीतूनच सुरू होई.

गेवराई मागे पडली आणि शहागडला गोदावरीचा पूल आला. इथे बीड जिल्हा संपतो. आमच्यातल्या दोघांनी गोदावरी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पुढे पाचोड, आडूळ करीत दुपारच्या उन्हात गाडी औरंगाबादच्या मध्यवर्ती बसस्थानकात शिरली. एवढी माणसे, एवढ्या रिक्षा आणि एकही ओळखीचा चेहरा नाही! गावात प्रत्येकजण आपल्याला ओळखतो याचा आम्हाला जाच वाटे. इथे कोणीच ओळखत नाही याची भीती वाटली आणि थोडे बरेही वाटले.

खोली आणि आडनाव

वाळूजची औद्योगिक वसाहत शहराच्या पश्चिमेला, नगर-पुण्याच्या रस्त्यावर. छावणी, गोलवाडी, पंढरपूर अशी वाट आहे. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली इथे सुरू झाला आणि त्याच्या मागे सुटे भाग पुरवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातल्या तेव्हाच्या सातही जिल्ह्यांची, शिवाय बुलढाणा-नगरकडची पोरे इथे भेटत. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या भागांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा वाढत होत्या.

खोली शोधताना शहराची खरी ओळख झाली. कोणीच ओळखत नाही म्हणून बरे वाटले होते, ते इथे संपले. घरमालक आधी गाव विचारी, मग नाव, मग "पूर्ण नाव सांगा" म्हणे. आडनाव ऐकले की खोली अचानक कोणाला तरी आधीच दिलेली निघे. त्या वर्षी मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटलेला होता, त्यामुळे आडनावाला आणखीच धार आली होती. दीड दिवस असा गेला. शेवटी रांजणगावात एका कामगाराच्या घरी मागची खोली मिळाली. घरची मावशी लातूरकडची. तिने एकच प्रश्न विचारला, "भाडं वेळेवर द्याल ना रे पोरांनो?" शहरात दोन्ही प्रकारची माणसे असतात, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळले.

कंपनीचे दार

काम ठेकेदारामार्फत मिळाले. सकाळी गेटवर उभे राहायचे, तो बोटाने माणसे निवडी. आम्हाला मुकादम आठवला. फरक इतकाच, की मुकादम आधी उचल देतो, ठेकेदार आधी राबवून घेतो. एकजण प्रेस शॉपमध्ये लागला, एकजण जॉबचे बर कानशीने घासायला, एकजण पॅकिंगला. रोज पंचवीस रुपये. पाळी आठ तासांची, पण माल जायचा असला की ती बारा तासांची होई.

फडात ऊन असते पण वारा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये वारा नव्हता. तेलाचा वास कपड्यांतून जात नसे आणि यंत्राचा ठोका झोपेतही ऐकू येई. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या प्रेसवरच्या मुलाची दोन बोटे गेली. तो आमच्याच वयाचा होता. त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत होते, कंपनीच्या हजेरीपटावर नव्हते. पट्टी बांधून तो गावी गेला तो परत आला नाही. त्याची जागा दुसऱ्या दिवशी सकाळीच भरली.

बर काढण्याच्या टेबलावर जालन्याकडचे एक वयस्क काका होते. ते एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत असे किती वर्षे फिरत होते. "सात महिने झाले की ब्रेक देतात. दोनशे चाळीस दिवस भरूच देत नाहीत," ते सांगत. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येई, म्हणून त्याआधीच त्याला घरी बसवायचे. "पोरांनो, कंपनी तरणीच राहते, हेल्पर तेवढा म्हातारा होतो," हे त्यांचे वाक्य आम्ही जन्मात विसरणार नाही.

तरी सगळे वाईटच होते असे नाही. पहिला पगार हातात आला तेव्हा तिघेही नोटा पुन्हा पुन्हा मोजत बसलो. स्टोव्हवर भाकरी थापायला शिकलो. नळाला पाणी येई, ते पैठणच्या जायकवाडी धरणातले. आमच्या आया तिकडे हंडा घेऊन रांगेत आणि आम्ही इथे तोटी सोडून अंघोळ करीत होतो. ही गोष्ट घशाला अडके.

त्याच शहराचे दुसरे दार

सुट्टीच्या दिवशी आम्ही छावणीत उतरून पायी नागसेनवनात गेलो. वाळूजपासून हे अंतर जेमतेम तासाभराचे, पण आम्हाला ते गाठायला तीन आठवडे लागले. सुट्टीला झोपच अनावर होई.

निजामाच्या राजवटीत मराठवाडा शिक्षणात फार मागे ठेवला गेला होता. पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे. म्हणून बाबासाहेबांनी मुंबईत १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९५० साली औरंगाबादेत काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेच मिलिंद महाविद्यालय. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि नागसेन हा त्याला उत्तरे देणारा भिक्खू. महाविद्यालयाला राजाचे नाव आणि परिसराला भिक्खूचे. शिकणाऱ्याने प्रश्न विचारलाच पाहिजे, हे या दोन नावांतच सांगून ठेवले आहे. गेटवर आम्हाला प्रश्न विचारायची मुभा नव्हती, म्हणून हे फार मनाला लागले.

उन्हाळ्यामुळे परिसर शांत होता. वसतिगृहात काही मुले अभ्यासाला थांबली होती. त्यातला एक अंबाजोगाईकडचा निघाला. त्याने आम्हाला झाडाखाली बसवून सगळे नीट सांगितले. अर्ज कधी निघतात, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला कुठला चालतो, शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे हातात यायला दिवाळी उलटते, आणि तोवर मेसचे पैसे स्वतःचेच लागतात. त्या तासाभराने आमच्या पंचवीस रुपये रोजाला अर्थ आला.

बुद्धपौर्णिमेला विद्यापीठामागच्या डोंगरातली लेणी पाहिली. कोणा अनाम कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने तो दगड कोरला. आम्हीही हाताने काम करणारेच. पण त्यांच्या हातांचे काम शेकडो वर्षे टिकले आहे आणि आमचे संध्याकाळच्या ट्रकमध्ये भरून जाते, असे आमच्यातला एकजण म्हणाला. बराच वेळ कोणी बोलले नाही.

जून महिना

आठ आठवड्यांत अठ्ठेचाळीस हजेऱ्या भरल्या, म्हणजे प्रत्येकी बाराशे रुपये. भाडे, खाणे, बसभाडे यांत सहाशे गेले. तीनशे मनीऑर्डरने घरी पाठवले. तीनशे उरले. त्याच दिवसांत बारावीचा निकाल लागला. तिघेही पास झालो. आणि त्याच आठवड्यात ठेकेदाराने सांगितले, "हात बसलाय तुमचा. राहा इथेच. तीस करून देतो."

तीस रुपये! त्या रात्री खोलीत दिवा उशिरापर्यंत जळत होता. नागसेनवनात जायचे तर तीन वर्षे कमाई बंद. कंपनीत राहायचे तर येत्या दसऱ्याला आईबापाची उचल कमी होईल. दोघांनी अर्ज भरला. तिसऱ्याच्या वडिलांच्या अंगावर मागच्या हंगामाची उचल फिटायची राहिली होती आणि घरी धाकट्या दोघी बहिणी होत्या. तो राहिला. त्याला कमी लेखायचे नाही. पुढे शिष्यवृत्ती येईपर्यंत आमची मेस कितीदा त्यानेच भरली. आम्ही त्या वर्गात बसलो ते त्याच्या रात्रपाळीवरही बसलो.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर झाले. विधिमंडळाने ठराव केला तो १९७८ साली. मधल्या सोळा वर्षांत माणसे मारली गेली, घरे जळली, लाँग मार्च निघाला. त्या दिवशी तो रात्रपाळी करून, तेलकट कपड्यांनिशीच विद्यापीठाच्या गेटवर आला. आम्ही तिघे तिथे उभे राहिलो आणि रडलो. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ झाले, पण बीड जिल्हा औरंगाबादकडेच राहिला. म्हणून १९९६ साली आमच्या पदवीच्या कागदावर बाबासाहेबांचे नाव आले. तिसऱ्याने पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, पाळ्या सांभाळत पदवी घेतली. त्याला आमच्यापेक्षा सहा वर्षे जास्त लागली.

आजच्या घरांसाठी

आता शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे. २०२५ च्या सप्टेंबरात बीडहून अहिल्यानगरला रेल्वेही सुरू झाली. पोरे वाळूजप्रमाणे शेंद्र्याला, चाकणला जातात, आणि आता मुलीही जातात. पण गेटवरचा ठेकेदार गेलेला नाही आणि जूनमधला तो प्रश्नही गेलेला नाही.

म्हणून आईबापांनी चार गोष्टी कराव्यात. मूल कामाला जाण्याआधीच जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला काढून ठेवावा. जात वैधतेचा अर्ज लांबणीवर टाकू नये. निकालानंतर तहसीलच्या रांगेत उभे राहण्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तिची चौकशी समाज कल्याण कार्यालयात करावी. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे, तीही विचारावी.

मुलांनी आपले नाव हजेरीपटावर आहे की नाही ते पाहावे. संरक्षक जाळी नसलेल्या यंत्रावर हात घालू नये. आणि पहिल्याच सुट्टीला, कितीही झोप येवो, त्या शहरातले एक महाविद्यालय जाऊन पाहावे. शहर कामगार म्हणून आपल्याला कधीही आत घेते. विद्यार्थी म्हणून आत जायचे तर त्याला तारीख असते, आणि ती तारीख घरातून निघतानाच आईजवळ सांगून निघावे.