चेंडू हातात नसताना

बास्केटबॉलमधला बचाव म्हणजे चेंडू हातात नसतानाचा खेळ. आक्रमणातले कसब बोटांत असते आणि ते शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसते. बचावातले कसब पावलांत, कमरेत, नजरेत आणि जिभेत असते; ते दिसायला डोळा तयार असावा लागतो. चेंडू जाळीतून सळसळत गेला की टाळ्या पडतात. समोरच्याला तो फेकायला जागाच मिळाली नाही, त्याने वैतागून तो सोबत्याकडे ढकलला, तर टाळी पडत नाही. पाहणाऱ्याच्या लेखी काही घडलेलेच नसते. चांगल्या बचावाची सारी कमाई अशी न घडलेल्या गोष्टींची असते. तरुण खेळाडूचा बचाव सुधारू शकतो का, या प्रश्नाची अडचण इथूनच सुरू होते. जे दिसत नाही, त्यातली वाढ तरी कशी दिसावी?

तरुण खेळाडू बचावात कच्चा असतो, याचे पहिले कारण सरावातले आहे. संध्याकाळी रिकाम्या कोर्टावर एकटा मुलगा तासन्‌तास बास्केटमध्ये चेंडू टाकत राहू शकतो. प्रत्येक फेकीचा निकाल तिथल्या तिथे लागतो; ३.०५ मीटर उंचीवरची ती लोखंडी कडी कुणाची भीडभाड ठेवत नाही. बचावाला मात्र समोर माणूस लागतो. चकवणारा कुणी नसेल तर न चकण्याचा सराव होणार कसा? दुसरे कारण कौतुकातले. शाळेच्या संघात जो सर्वांत चांगला, त्याच्याच हाती सगळा वेळ चेंडू. आंतरराष्ट्रीय नियमांत पाच फाऊल झाले की खेळाडू बाद होतो. म्हणून प्रशिक्षक आपल्या हुकमी खेळाडूला फाऊलपासून जपतात, समोरच्या संघातला सर्वांत दुबळा गडी त्याच्या वाट्याला देतात, नाहीतर झोन (गड्याऐवजी जागेचा बचाव) लावून त्याला एका बाजूला उभा करतात. असा मुलगा अठराव्या वर्षी वरच्या पातळीवर येतो तेव्हा त्याच्या गाठीशी हजारो फेकी असतात, आणि बचावाची शिदोरी जवळजवळ रिकामी. हा कच्चेपणा पुष्कळदा अंगात नसल्याचा नसतो, कधी शिकवलेच न गेल्याचा असतो.

शिकण्याची सुरुवात पायांपासून होते. पाय खांद्यांपेक्षा थोडे अधिक फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सरळ, वजन चवड्यांवर: ही बचावाची बैठक. बैठक हा शब्द इथे अगदी शब्दशः खरा आहे, कारण खेळाडू उभा असूनही अर्धा बसलेला असतो. मांड्या पेटू लागल्या की नवखा हळूहळू ताठ होतो, आणि ताठ झालेल्या माणसाच्या बाजूने चेंडूवाला वाऱ्यासारखा निघून जातो. बाजूला सरकतानाही एक मर्म आहे. ज्या दिशेला जायचे त्या दिशेचा पाय आधी उचलला जातो, पण खरा जोर मागे राहिलेल्या पायाने जमिनीला दिलेल्या रेट्याचा असतो. पाय एकमेकांवर आले, टाचा एकमेकींना लागल्या, की तोल गेलाच. या हालचालीला जन्मजात देणगी लागत नाही, रोजचा घाम लागतो. मांड्या आणि कमरेतली ताकद वाढली की एरवी दोन मिनिटांत मोडणारी बैठक सामन्याच्या शेवटापर्यंत टिकते. मुलाची उंची झपाट्याने वाढत असेल, तर काही काळ हातपाय अवघडल्यासारखे होतात, कालपर्यंत जमणारी चाल आज जमत नाही. तेवढ्यावरून त्याच्याबद्दल निकाल देण्याची घाई बरी नाही.

पायांच्या जोडीला नियमांची जाण लागते. समोरच्याकडे तोंड करून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून जो आधी जागा घेतो, ती जागा त्याची. मग चेंडूवाला छातीवर येऊन धडकला तर फाऊल धडकणाऱ्याचा. नवखा बचावपटू चुकतो तो इथे. पाय पोहोचले नाहीत की तो हात पुढे करतो, मनगटावर चापट बसते आणि शिट्टी वाजते. हाताचा फाऊल हा बहुतेक वेळा पायाच्या आळसाचा पुरावा असतो. म्हणून जुने प्रशिक्षक सरावात मुलांचे हात पाठीमागे बांधल्यासारखे ठेवायला लावतात आणि नुसत्या पावलांनी वाट अडवायला शिकवतात.

त्यानंतर नजर. चेंडू खोटे बोलतो, खांदे खोटे बोलतात, डोळे तर सर्वांत जास्त खोटे बोलतात. कंबर मात्र माणूस जाणार तिकडेच जाते. कबड्डी पाहत वाढलेल्या डोळ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. मुरलेला कोपरारक्षक चढाई करणाऱ्याच्या पहिल्या हालचालीवर झेप घेत नाही. तो हूल ओळखतो, वजन एका पायावर पुरते पडेपर्यंत थांबतो, आणि मगच घोटा धरतो. बास्केटबॉलमध्ये पकड नाही, पण धीर तोच. फेकीची हूल दिली की नवखा हवेत उडतो आणि खाली येईपर्यंत चेंडूवाला त्याला ओलांडून गेलेला असतो. मुरलेला खेळाडू हात उंच करतो, पण पाय जमिनीवर ठेवतो. चेंडू हातातून सुटेपर्यंत उडी मारत नाही. दूर उभ्या नेमबाजाकडे धावत जाताना शेवटची दोन-तीन पावले तोकडी करायची, म्हणजे तो फेकणार असेल तर हात पोहोचतो आणि घुसणार असेल तर मागे सरता येते. ही सगळी संयमाची कामे आहेत. तरुण अंगात वेग असतो, संयम सवयीने येतो.

सर्वांत कठीण धडा चेंडूपासून दूर असलेल्या बचावाचा. कोर्टावर चेंडू एक आणि बचाव करणारे पाच. म्हणजे कोणत्याही क्षणी पाचांपैकी चौघे चेंडू नसलेल्या गड्यावर असतात. खेळाडूच्या बचावाचा बहुतेक वेळ असा आडबाजूला जातो, आणि तरुणाचे लक्ष नेमके तिथेच उडते. तो चेंडूकडे टक लावतो आणि त्याचा गडी पाठीमागून सुळकन बास्केटखाली पोहोचतो. किंवा तो आपल्या गड्यालाच चिकटून राहतो आणि सोबत्याला चकवून कुणी आत घुसला तरी जागचा हलत नाही. योग्य जागा या दोहोंच्या मध्ये असते. एका नजरेच्या टप्प्यात चेंडूही हवा आणि आपला गडीही हवा. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात गेला की पाचही जणांनी आपापली जागा बदलायची, तीही चेंडू हवेत असतानाच, पोहोचल्यावर नव्हे. इथे जीभ उपयोगी पडते. ‘डावीकडून स्क्रीन’, ‘स्विच’, ‘मी आहे मागे’ असे चार शब्द वेळेवर बोलणारा मध्यम उंचीचा खेळाडू मुक्या उंच खेळाडूपेक्षा संघाला अधिक मोलाचा ठरतो. गप्प राहणारी मुले बोलायला शिकली की त्यांचा बचाव महिन्याभरात बदललेला दिसतो, कारण बोलण्यासाठी आधी पाहावे लागते.

काही गोष्टी मात्र शिकून येत नाहीत. हाडांची लांबी सरावाने वाढत नाही. काव्हाय लेनर्ड २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला, त्यात त्याच्या प्रचंड पंजांचा आणि लांब हातांचा वाटा होताच. हा पुरस्कार १९८२-८३ च्या हंगामापासून दिला जातो. पहिली दोन वर्षे तो सिडनी मॉनक्रीफ या गार्डला, म्हणजे तुलनेने कमी उंचीच्या खेळाडूला, मिळाला, पण पुढे उंच खेळाडूंनी त्यावर हक्कच सांगितला. गार्डांपैकी १९९६ मध्ये गॅरी पेटनला आणि त्यानंतर थेट २०२२ मध्ये मार्कस स्मार्टला तो मिळाला. मधल्या २५ वर्षांत एकाही गार्डच्या वाट्याला आला नाही. उंचीचा वशिला एवढा मोठा असतो. तरी त्याला अपवाद आहेत. ड्रेमंड ग्रीन जेमतेम साडेसहा फुटांचा. नव्या खेळाडूंच्या २०१२ च्या निवडीत ३४ खेळाडू घेतले गेल्यावर त्याचा क्रमांक लागला, आणि २०१७ मध्ये तोच सर्वोत्तम बचावपटू ठरला. समोरच्या संघाची चाल उलगडण्याआधी ओळखणे आणि सोबत्यांना ओरडून जागेवर आणणे ही त्याची खरी हत्यारे.

बचाव सुधारतो म्हणजे नेमके काय होते, हे स्टीफन करीच्या कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने पाहता येते. २००९ च्या निवडीत सातव्या क्रमांकावर तो गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये आला तेव्हा अंगाने सडपातळ होता. घोट्याच्या दुखापतींमुळे २०११-१२ च्या हंगामात तो अवघे २६ सामने खेळला. त्यानंतर कमरेची आणि मांड्यांची ताकद वाढवण्यावर भर दिला गेला. घोटे वाचवण्यासाठी केलेली ती मेहनत बचावाच्या बैठकीलाही लागू पडली. सुरुवातीच्या वर्षांत समोरचा धोकादायक गार्ड बहुधा त्याचा सोबती क्ले थॉम्पसनकडे दिला जाई आणि करीला सोपा गडी मिळे. २०१४ मध्ये स्टीव्ह केर मुख्य प्रशिक्षक झाले, तेव्हापासून त्याच्यावर अधिक जबाबदारी पडू लागली. २०१५-१६ मध्ये सामन्यामागे सरासरी २.१ चेंडू हिसकावून तो या बाबतीत लीगमध्ये पहिला आला.

तरीही त्याच हंगामाच्या शेवटी त्याची मर्यादा जगासमोर उघडी पडली. अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने एक साधी युक्ती वारंवार वापरली. करी ज्याच्यावर असेल त्यालाच स्क्रीन लावायला (बचावपटूची वाट अडवून उभे राहायला) बोलवायचे, म्हणजे अदलाबदल होऊन करी त्यांच्या सर्वांत बलाढ्य खेळाडूसमोर यायचा. १९ जून २०१६ च्या सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी असताना, ५३ सेकंद उरले असताना, क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगने करीच्याच डोक्यावरून तीन गुणांची फेक केली. चषक क्लीव्हलँडला गेला. चेंडू हिसकावण्यात पहिला असलेला खेळाडू एकास एक अडवण्यात अजून कमी पडत होता. या दोन वेगळ्या विद्या आहेत.

सहा वर्षांनी, २०२२ च्या अंतिम मालिकेत, बोस्टनच्या उंच आणि दणकट खेळाडूंनीही त्याला गाठण्याचे प्रयत्न केले. करी तेव्हा ३४ वर्षांचा होता. उंची तेवढीच होती, पण अंग भरले होते, धक्का बसला तरी तो जागा सोडत नव्हता, आणि कुठे एकट्याने अडवायचे व कुठे सोबत्याकडे सोपवून मागे फिरायचे हे त्याला नेमके कळत होते. वॉरियर्सनी मालिका ४-२ अशी जिंकली. तो लीगमधला थोर बचावपटू झाला असे कुणी म्हणणार नाही, पण तो आयता घास उरला नव्हता. सुधारणेचा खरा पल्ला एवढाच असतो, आणि तो पुरतो. यात मागे उभ्या असलेल्या ग्रीनसारख्या वॉरियर्समधल्या सोबत्यांचाही वाटा आहे. एकट्याचा बचाव नेहमी पाच जणांच्या बचावात मिसळलेला असतो.

ही सुधारणा मोजणे अवघड. एनबीएमध्ये ब्लॉक (फेक अडवणे) आणि स्टील (चेंडू हिसकावणे) यांची अधिकृत नोंद १९७३-७४ पासून सुरू झाली. १३ हंगामांत ११ अजिंक्यपदे मिळवणारा बिल रसेल त्याआधीच, १९६९ मध्ये, निवृत्त झाला होता. ज्या कलेसाठी तो आजही आठवला जातो, तिचा अधिकृत आकडाच नाही. रसेल अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे, कारण बाहेर गेलेला चेंडू पुन्हा आक्रमण करणाऱ्या संघालाच मिळतो. तो बोटांनी हलकेच थोपटून चेंडू आपल्या सोबत्याकडे वळवी. आकड्यांच्या तक्त्यात ही दोन्ही कामे एकाच रकान्यात पडतात. स्टीलचेही तसेच. चेंडूवर झडप घालण्याचा जुगार खेळणाऱ्याला दोन चेंडू मिळतात आणि चार वेळा तो चुकून मागे पडतो. त्या चार वेळांची नोंद त्याच्या नावावर होत नाही. म्हणून तरुणाची प्रगती पाहायची तर साध्या खुणा पाहाव्यात. फाऊल कमी झाले का, शेवटच्या पाच मिनिटांतही गुडघे वाकलेले आहेत का, हुलीवर पाय जमिनीवर राहतात का, फेक झाल्यावर तो चेंडू पाहत उभा राहतो की आधी आपल्या गड्याला पाठीवर घेऊन रिबाउंडची जागा अडवतो.

शेवटी प्रश्न इच्छेचा उरतो, आणि इच्छा ही बव्हंशी संघाच्या वातावरणातून येते. बचाव करणाऱ्याला एका वेळी २४ सेकंद तग धरायचा असतो. १९५४ मध्ये एनबीएने आणलेल्या या मर्यादेने त्याची परीक्षा कठीण केली तशी आवाक्यातलीही केली. ते २४ सेकंद कोण मोजतो, यावर मुलांचे वळण ठरते. जो प्रशिक्षक फक्त गुणांची बेरीज करतो, त्याची मुले फक्त फेकायला शिकतात. जो वेळेवर टाकलेल्या एका पावलासाठी खेळ थांबवून शाबासकी देतो, त्याची मुले दुसऱ्यांदा ते पाऊल टाकतात.

तेव्हा तरुण खेळाडूचा बचाव सुधारतो, आणि उंची वगळता बचावातले बहुतेक सारे शिकण्याजोगे आहे. मात्र तो एका हंगामात पुरता बदलत नाही, करीसारख्यालाही दशकभर लागले. नेम एखाद्या संध्याकाळी रुसतो. वाकलेले गुडघे, उघडे डोळे आणि वेळेवर दिलेली हाक मात्र एकदा अंगवळणी पडली की वाईटातल्या वाईट दिवशीही खेळाडूची साथ सोडत नाहीत.