पद्मपाणीची नक्कल

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चलच्चित्र आम्ही मंद उजेडातच टिपिले. तेथे फ्लॅश वर्ज्य आहे, व ते योग्यच. घरी एफएफएमपेगला आज्ञा लिहून फाइल लहान केली, तो मागील छायेत पट्टे उमटले! एक्स२६४ मध्ये सीआरएफचा अंक न सांगितल्यास २३ धरिला जातो. तो जितका कमी, तितके चित्र सरस व फाइल जड. आम्ही १८ लिहिला. पट्टे जसेच्या तसे! आम्ही नकलेचीच नक्कल करीत होतो. एकदा गळालेला तपशील अंक घटवून कोठून यावा? जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेल्या नकलांपैकी पुष्कळ १८८५ साली लंडनच्या संग्रहालयात जळाल्या. पण मूळ चित्रे भिंतीवर होती. आमची मूळ फाइल मात्र, जागा वाचविण्याच्या शहाणपणाने, आम्हीच पुसून टाकिली होती.