हजार विटांचा हिशेब

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासितेसाठी आम्हा दोघी मैत्रिणींना टोकावडे परिसरातली जिल्हा परिषदेची एक शाळा मिळाली. कल्याणहून सकाळची एस.टी., मुरबाड, मग पुढे माळशेजचा रस्ता. अम्मीला काळजी प्रवासाची आणि आम्हाला आमच्या हिजाबची. वाडीवरची मुले आपल्याला बिचकतील का? मुलांनी पहिल्याच दिवशी विचारले, "बाई, डब्यात काय आणलंय?" तो प्रश्न तिथेच मिटला.

फजिती झाली गणिताच्या तासाला. चौथीचा वर्ग, घटक चार अंकी संख्या. रात्री जागून एकक, दशक, शतक, हजारचा रंगीत तक्ता केला होता. टाचण तर इतके नेटके! (हे शिक्षण घेणाऱ्या बहिणींना टाचणाचे वेड सांगायला नको.) मागे बसलेला एक कातकरी मुलगा मात्र तोंड उघडेना. "शंभर दहा वेळा घेतले तर किती?" तीनदा विचारले. तो खाली मान घालून बसला. आमच्यापैकी एकीच्या तोंडून निघून गेले, "लक्ष कुठे असतं रे तुझं?" सगळा वर्ग हसला. वहीत आम्ही शेरा लिहिला, 'आकलन कमी'.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढताना गुरुजी सहज म्हणाले, "त्याला विटांचं विचारा." विचारले, तर पोरगा घडाघडा बोलू लागला. ओल्या विटा रांगेने कशा मांडतात, हजाराला मजुरी किती, दीड हजार पाडल्या तर किती, घेतलेला बयाणा त्यातून कसा कापतात. एवढा हिशेब तोंडी करणाऱ्या मुलाला आम्ही काय शेरा दिला होता!

दुसऱ्या दिवशी तक्ता गुंडाळून ठेवला. अंगणात खडे मांडले, दहाची एक रांग, दहा रांगांचा एक चौकोन. मांडणी त्यानेच दाखवली. "दहा चौकोन झाले की हजार, बाई." पाठ वेळेत संपला नाही, गुण कापले गेले. कापले ते बरोबरच होते. पण त्याआधी एक काम केले होते. वर्ग हसला होता आमच्यामुळे, म्हणून वर्गासमोरच त्याला म्हटले, "काल आमची चूक झाली." तो लाजून दाराकडे बघत राहिला.

दिवाळी जवळ आली तशी भट्टीवर जाणाऱ्यांची बांधाबांध सुरू झाली. गुरुजींबरोबर आम्हीही त्याच्या घरी गेलो. आजी गावातच राहणार होती, मुलाला तिच्याजवळ ठेवा म्हणालो. आई म्हणाली, "बाई, मी विटा पाडताना धाकटीला कोण बघंल?" आमच्या कुठल्याच पुस्तकात याचे उत्तर नव्हते. भट्टीजवळच्या शाळेत तरी बसता यावे म्हणून गुरुजींनी शिक्षण हमी पत्रक भरून दिले. ते तिने घडी घालून पिशवीत ठेवले.

पावसाआधी तो परत येईल, इन्शाअल्लाह. तेव्हा आम्ही तिथे नसू. सुट्टीनंतर हजेरी घेताना त्याचे नाव आले की मुले एका सुरात सांगायची, "भट्टीवर, बाई."