दुसऱ्याची पानं

तीन पत्ती खेळणाऱ्याला पोकर समजायला वेळ लागत नाही. पण पानं कधी दाखवायची आणि कधी झाकायची, हे त्याला मुळापासून शिकावं लागतं. मी ते आधी शिकून गेलो नाही. टेबलावर बसल्यावर शिकलो, आणि माझ्या चुकांची झळ दर वेळी मलाच लागली असंही नाही.

गोवंडीत आमच्या बैठ्या चाळीत डाव बसायचा तो गणपतीच्या जागरणाला, नाहीतर गटारीला. पैसे लावून खेळणं 1887च्या जुगार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला लावायची रक्कम, लहान आणि दार लोटलेलं. पॅक केलं, म्हणजे डाव सोडला, की शेजाऱ्याला पानं दाखवायची, ‘बघ, काय आलं होतं’ म्हणायचं, ही तिथली रीत. साइड शोमध्ये तर दोघांनी एकमेकांची पानं बघायची आणि तिसऱ्याला काही कळू द्यायचं नाही, हा नियमच. शो मागितला की दोघांचीही पानं उघडी. डाव संपल्यावर टाकलेल्या गठ्ठ्यातून पानं उपसून वाद चालायचे. त्या खोलीत सगळे एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते.

गोव्यात 1996 साली कायद्यात बदल होऊन जहाजांवर पत्त्यांच्या टेबलांना परवानगी मिळाली. मांडवीत नांगरलेल्या अशाच एका बोटीवर मी पहिल्यांदा पोकरला बसलो, तेव्हा आजूबाजूला एकही ओळखीचा चेहरा नव्हता. मी मात्र जागरणाच्या खोलीत बसल्यासारखा वागलो.

तिथल्या पोकरमध्ये प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि मधे सगळ्यांची मिळून पाच उघडतात. माझ्याकडे बदामचा एक्का आणि बदामची सत्ती होती. समोरून मोठी रक्कम आल्यावर मी घाबरून पानं टाकायला निघालो, आणि टाकता टाकता शेजारच्या तरुणाला दाखवली. तो अजून डावात होता. चार पानं उघडली होती, त्यांत दोन बदाम. त्याच्या हातातही दोन बदाम होते, हे नंतर कळलं. म्हणजे फ्लशला लागणाऱ्या पाच बदामांसाठी त्याला आणखी एक हवा होता. न दिसलेल्या 46 पानांत 9 बदाम उरलेत, असा त्याचा हिशेब. माझी पानं दिसताच ते 44 पानांत 7 झाले. त्याने थोडा विचार केला आणि पानं फेकली. ज्याने रक्कम लावली होती, तो माझ्याकडे वळून म्हणाला, “एक को दिखाया तो सबको दिखाओ.” डीलरने माझी पानं सगळ्यांसमोर उलटी केली. पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या तरुणाकडून त्याला आणखी पैसे मिळू शकले असते, त्याला मी डावातून बाहेर पडायला मदत केली होती. माझा त्या डावाशी काही संबंध उरला नसताना मी एकाच्या खिशातले पैसे वाचवले आणि दुसऱ्याचे घालवले. मनात काही वाईट नव्हतं, हे खरं आहे. त्याने त्या माणसाचा तोटा कमी झाला नाही.

दुसरी चूक मला भोवली. शेवटच्या फेरीनंतर समोरचा “फ्लश” म्हणाला. माझ्या दोन जोड्या होत्या. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मी पानं पालथीच डीलरकडे सरकवली आणि ती टाकलेल्या गठ्ठ्यात गेली. मग त्याने पानं उघडली तर बदाम चारच. पाचवं पान चौकटचं होतं, लाल रंगाला तो फसला होता. त्याने मुद्दाम केलं नव्हतं, माफीही मागितली. पण पोकरमध्ये तोंडाने काय म्हटलं याला किंमत नाही, टेबलावर उघडलेली पानं बोलतात. आणि गठ्ठ्यात गेलेलं पान मेलेलं. आमच्याकडे ते गठ्ठ्यातून परत काढलं असतं. इथे नाही. समोरच्याची पानं डोळ्यांनी बघेपर्यंत आपली दोन्ही पानं सोडायची नाहीत, एवढं मी त्या रात्री शिकलो.

तिसरी गोष्ट सांगायला मला अजून जड जातं.

एक वयस्क गृहस्थ होते, मराठी बोलणारे, शांत. शेवटच्या फेरीत मी रक्कम लावली, त्यांनी ती भरली. अशा वेळी शेवटची रक्कम लावणाऱ्याने आधी पानं दाखवायची असतात. मी दाखवली, माझी वरचढ निघाली, आणि त्यांनी आपली पालथी पुढे सरकवली. हरलेल्याला तसा हक्क आहे. पण शेवटपर्यंत टिकलेल्या हाताची पानं बघायला मागता येतात, असं मी नुकतंच ऐकलं होतं. मला वाटलं, तीन पत्तीतला शो तो हाच. त्यांनी आधीच्या दोन डावांत मला हरवलं होतं, तेही डोक्यात होतं. मी म्हणालो, “काका, दाखवा की.” ते काही बोलले नाहीत. डीलरने गठ्ठ्यात जायच्या आत त्यांची पानं उलटी केली: पंजीची जोडी, बाकी काही नाही. टेबलावर कुणीतरी हसलं. पुढचा तासभर दोघे तरुण त्यांच्यावर मोठमोठ्या रकमा लावत राहिले, कारण हे गृहस्थ कशावर पैसे भरतात हे आता सगळ्यांना कळलं होतं. ते लवकर उठले.

तो नियम कशासाठी आहे, हे नंतर एका जुन्या खेळाडूने मला समजावलं. दोघे संगनमताने खेळत असल्याची शंका आली, तर ती तपासायला तो ठेवलेला आहे. कुतूहल शमवायला किंवा राग काढायला नाही. म्हणूनच त्याला काट्यांचं कुंपण आहे: जिंकणाऱ्याने हरलेल्याची पानं मागितली, तर पुष्कळ ठिकाणी ती जिवंत धरतात, आणि ती सरस निघाली तर पैसे त्यांचे. वारंवार मागणाऱ्याचा हक्क काढूनही घेतात. पैसे देऊन बसलेल्या माणसाला, मी कसा विचार करतो हे लपवता येणं, हाच पोकरचा गाभा आहे. मी काकांचं ते हिसकावून घेतलं, आणि तेही नियमाचं नाव घेऊन.

यानंतर मी कुणाची पानं मागणं पूर्ण सोडलं, आणि तीही चूकच ठरली. एका टेबलावर दोन मित्र शेजारी शेजारी बसले होते. एकाने रक्कम लावली की दुसरा लगेच वाढवायचा, पहिला पुन्हा वाढवायचा, आणि त्यांच्यामध्ये अडकलेला तिसरा पानं टाकून द्यायचा. तो बाहेर पडला की दोघांमधलं भांडण लगेच थंडावायचं. एकदा तो तिसरा शेवटपर्यंत टिकून हरला, जिंकणाऱ्या मित्राने पानं उघडली आणि दुसऱ्याने आपली पालथी सरकवली. ती बघायला मागण्याचा हक्क मला होता, कारण तो नियम नेमका याच प्रसंगासाठी आहे. मागायचं धाडस नसतं, तर उठून फ्लोअर मॅनेजरला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. त्यांच्या छतावरच्या कॅमेऱ्यांत सगळे डाव असतात. मला काका आठवले आणि मी गप्प बसलो. तो तिसरा माणूस पहाटेपर्यंत हरत राहिला.