सामन आणि रावस

आमचे मेव्हणे अमेरिकेत सिएटलला असतात. दर नोव्हेंबरात त्यांचा फोन येतो, ‘आमच्या ओढ्यात सामन आले हो!’ पहिल्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींनी ‘सामान’ ऐकले आणि भावाचा संसार पुरात वाहून गेला म्हणून डोळ्यांना पदर लावला. पण सामन हा मासा आहे. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. चाकरमानी गणपतीला कोकणात जातो तसाच. फक्त परतीचे तिकीट काढलेले नसते. अंडी घातली की तिथला सामन तिथेच देह ठेवतो.

सिएटलच्या पायपर्स क्रीक नावाच्या ओढ्यात हे पाहुणे यायचेच थांबले होते. मग आसपासच्या रहिवाशांनी ओढा सुधारला, काठावर झाडे लावली, शाळेतल्या पोरांनी पिल्ले वाढवून पाण्यात सोडली. आता सामन परत येतात आणि आमचे मेव्हणे भर पावसात छत्री धरून ते मोजतात. दादरच्या चाळीत असताना या गृहस्थांनी पाण्याची बादलीसुद्धा कधी उचलली नव्हती!

सामन म्हणे वासावरून आपली नदी ओळखतो. यात मला काही विशेष वाटले नाही. शीवच्या कुठल्याही माणसाचे डोळे बांधून पाहा, मिठी नदी कुठे आहे ते तो बिनचूक सांगेल. मात्र मिठीत सामन यायचा नाही. त्याला थंड पाणी लागते आणि मुख्य म्हणजे पाणी लागते.

ही उणीव हॉटेलवाल्यांनी भरून काढली. त्यांनी रावसालाच ‘इंडियन सामन’ करून टाकले. वास्तविक दोघांचे नाते आडनावबंधूंइतकेही नाही. पण रावसही काही कमी अवलिया नाही. तो लहानपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो! म्हणजे ताटातला हातभर रावस हा बहुधा ‘तो’ नसून ‘ती’ असते आणि वीतभर रावस ही होऊ घातलेली आई. तिला आपण आजच तळली, तर उद्याचे रावस घालायचे कोणी?

शीव कोळीवाड्यातल्या आमच्या मावशींना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही.

‘मावशी, जरा लहान पापलेटं नाहीत का? स्वस्तात बसतील अशी?’

‘पोरं हायत ती, भाऊ. वाढू दे त्यांना, मंग खा.’

सरकार या मुद्द्यावर यायला 2023 साल उजाडले. त्या सप्टेंबरात पापलेट राज्यमासा झाला आणि नोव्हेंबरात 54 जातींच्या माशांची किमान लांबी ठरली. पापलेटची 135 मिलिमीटर. आता बाजाराच्या पिशवीत मुलांची फूटपट्टी ठेवायला हरकत नाही.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते. कोळ्यांची रीत त्याहून जुनी. होड्या वर ओढायच्या, जाळी विणायची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन मगच पाण्यात उतरायचे. दोन महिने कमाई बंद ठेवून समुद्राला सुट्टी देणारी माणसे ही. आपण दर रविवारी सुट्टी घेतो. समुद्राला ती कधी दिली?

उलट जूनच्या पहिल्याच आठवड्यात आपण मावशींसमोर उभे राहून ‘ताजं काय आहे?’ म्हणून विचारतो. जवळा, सोडे, सुके बोंबील अशी फौज समोर असताना आपल्याला गाभोळीच हवी असते! गंमत अशी, की नारळी पौर्णिमेला समुद्र खुला होतो तेव्हा आपल्यातल्या अर्ध्यांचा श्रावण चालू असतो. देवासाठी महिनाभर मासे सोडणाऱ्याला माशासाठी दोन महिने सोडणे का जड जावे?

कोळ्यांनी होड्या ओढल्या, सरकारने पट्टी दिली. पण गिऱ्हाईक आहे तोवर पिल्ले पाटीत येतच राहणार. सामन वाचवायला अख्खा ओढा धुवावा लागला. रावसाच्या बाबतीत मावशींनी आपल्याकडे एवढेच मागितले आहे : ‘वाढू दे, मंग खा.’ खाऊ नका, असे त्या कुठे म्हणाल्या?